लिनक्स सर्व्हरवरील साठवणजागेचा विस्तार

एखाद्या ग्रंथालयाने आपल्या संग्रहातील जुन्या कागदपत्रांची छायाचित्रे संगणकावर साठवून ठेवावयाचे ठरविले, तर जागेचा प्रश्न किती लवकर उभा राहतो हे साध्या हिशेबानेही कळून येते. ए-फोर आकाराचे एक पान दर इंचास ३०० बिंदू या सूक्ष्मतेने टिपले, तर आडव्या दिशेने २,४८० आणि उभ्या दिशेने ३,५०८ बिंदू मिळतात. प्रत्येक बिंदूचा रंग नोंदविण्यास तीन बाइट लागतात. म्हणजे एका पानाचे चित्र, कोणत्याही प्रकारे आकसून न घेता ठेवल्यास, सुमारे २ कोटी ६१ लक्ष बाइट, अर्थात २६ मेगाबाइट जागा व्यापते. चारशे पानांच्या एका बाडास जवळजवळ साडेदहा गिगाबाइट पाहिजेत. ५०० गिगाबाइटच्या डिस्कवर अशी सत्तेचाळीस बाडे राहतात. अठ्ठेचाळिसावे पुरते मावत नाही.

तेव्हा असा एक दिवस उजाडतोच की, छायाचित्र टिपणारा कर्मचारी नवे पान साठवू लागतो आणि सर्व्हर उत्तर देतो, ‘जागा शिल्लक नाही’. पुस्तकांच्या बाबतीत अशा वेळी नवे कपाट आणून जुन्या कपाटाशेजारी उभे केले की काम भागते. संगणकावर मात्र नवी डिस्क बसविल्याने जागा आपोआप वाढत नाही. डिस्क आणि फाइल यांच्या दरम्यान अनेक थर असतात आणि आपली हद्द कोठे संपते याची नोंद प्रत्येक थराने स्वतंत्रपणे करून ठेवलेली असते. खालच्या थराची हद्द वाढली तरी वरच्या थराला त्याची वार्ता नसते. विस्तार करणे म्हणजे या नोंदी एकामागून एक, योग्य क्रमाने बदलणे होय. हा क्रम चुकला तर निष्पत्ती केवळ ‘काम झाले नाही’ एवढीच राहत नाही. वर्षानुवर्षे जमविलेला संग्रह एका आज्ञेसरशी वाचण्यापलीकडे जाऊ शकतो. म्हणून ज्या ग्रंथालयाचे उदाहरण येथे घेतले आहे, त्याचा सर्व्हर सांभाळणाऱ्या व्यक्तीने पहिली आज्ञा देण्यापूर्वी दुसऱ्या यंत्रावर संग्रहाची पूर्ण प्रत आहे आणि ती उघडून पाहता येते, याची खात्री करून घेतलीच पाहिजे.

जागा खरोखरच संपली आहे काय?

नवी डिस्क विकत घेण्याआधी हा प्रश्न विचारावयास हवा. ‘डीएफ’ ही आज्ञा प्रत्येक फाइल सिस्टीममध्ये किती जागा व्यापली आहे आणि किती मोकळी आहे हे सांगते. ‘डीयू’ ही आज्ञा कोणत्या डिरेक्टरीत किती जागा गेली याची मोजदाद करते. या दोघींची उत्तरे जुळत नाहीत असा अनुभव वारंवार येतो आणि त्या विसंगतीतच पुष्कळदा रोगाचे निदान सापडते.

लिनक्समध्ये फाइल पुसली म्हणजे डिरेक्टरीतील तिचे नाव नाहीसे होते. परंतु एखादा चालू प्रोग्रॅम ती फाइल उघडून बसला असेल, तर तो ती सोडीपर्यंत तिची जागा मोकळी होत नाही. महिनोन् महिने वाढत गेलेली नोंदींची फाइल कोणीतरी पुसून टाकतो, डीयूच्या मोजणीत ती येत नाही, परंतु डीएफ मात्र डिस्क भरलेलीच दाखवीत राहते. संबंधित प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला की क्षणार्धात कित्येक गिगाबाइट मोकळे होतात. दुसरे कारण याहून लपलेले असते. एखाद्या डिरेक्टरीत आधीच फाइली असताना तिच्यावर दुसरी फाइल सिस्टीम माउंट केली, तर जुन्या फाइली नष्ट होत नाहीत. त्या झाकल्या जातात. जागा मात्र त्या अडवूनच ठेवतात.

तिसरे कारण आयनोडचे. प्रत्येक फाइलमागे तिच्या मालकाची, आकाराची व डिस्कवरील ठिकाणांची नोंद ठेवणारा एक लहानसा तक्ता असतो, त्यास आयनोड म्हणतात. ईएक्सटी-फोर या फाइल सिस्टीममध्ये आयनोडांची संख्या ती तयार करतानाच ठरते. सामान्यतः दर १६ किलोबाइट जागेमागे एक. अगदी लहान फाइली लक्षावधींनी साठल्या, तर जागा पुष्कळ असूनही आयनोड संपतात, आणि तरीही संदेश तोच येतो : जागा शिल्लक नाही. पुस्तकांना फळी आहे पण नोंदवहीत ओळ उरली नाही, असा हा प्रकार.

याशिवाय ईएक्सटी-फोर एकंदर जागेपैकी पाच टक्के भाग व्यवस्थापकासाठी राखून ठेवते. डिस्क काठोकाठ भरली की फाइलींचे तुकडे दूरदूर विखुरले जातात आणि काम मंदावते, हे बर्कली येथे तयार झालेल्या वेगवान फाइल सिस्टीमच्या कर्त्यांनी १९८४ साली मांडले होते. त्यांनी तर दहा टक्के जागा मोकळी ठेवली होती. चार टेराबाइटच्या डिस्कवर पाच टक्के म्हणजे २०० गिगाबाइट होतात. ज्या व्हॉल्यूमवर केवळ छायाचित्रे ठेवावयाची आहेत तेथे हा राखीव भाग एक टक्क्यावर आणण्यास हरकत नसावी. ज्यावर खुद्द लिनक्स राहते तेथे मात्र त्याला हात लावू नये, कारण सर्वसाधारण वापरकर्त्यांची जागा संपल्यावर व्यवस्थापकाला वावरण्यापुरती जागा तेथेच मिळते.

एकावर एक रचलेले थर

हे सर्व तपासूनही जागा कमीच पडत असेल, तर विस्तार अटळ होय. त्यासाठी थरांची ओळख करून घेणे आवश्यक आहे, आणि ती इतिहासाच्या अंगाने करून घेतली तर अधिक सोपी जाते.

१९५६ साली आयबीएमने रॅमॅक या संगणकासमवेत पहिली चुंबकीय डिस्क बाजारात आणली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्यांच्या त्या यंत्रावर सहा-सहा बिटांची पन्नास लक्ष अक्षरे मावत. वर सांगितलेल्या एका पानाचे छायाचित्र ठेवण्यास अशी सुमारे सात यंत्रे लागली असती. जागेची टंचाई ही अशी या विद्येच्या जन्मापासूनची सोबतीण आहे. बेल प्रयोगशाळेत युनिक्स आकारास येत असताना मूळ डिस्क भरली, तेव्हा काही प्रोग्रॅम दुसऱ्या डिस्कवर, जेथे वापरकर्त्यांच्या फाइली असत तेथे, हलविण्यात आले. ‘युएसआर’ या डिरेक्टरीत ‘बिन’ नावाची दुसरी डिरेक्टरी निर्माण झाली ती यामुळे, असे सांगितले जाते. पुढे कारण उरले नाही तरी व्यवस्था राहिली. फेडोरा या लिनक्स वितरणाने २०१२ साली या दोन जागा पुन्हा एकत्र केल्या. तात्पुरती म्हणून केलेली सोय चाळीस वर्षे टिकली, हे साठवणीच्या क्षेत्रात नवलाचे मानले जात नाही.

डिस्क मोठ्या झाल्या तसे त्यांचे पार्टिशन, म्हणजे विभाग, पाडण्यात येऊ लागले. वैयक्तिक संगणकांवरील पार्टिशनचा जुना तक्ता १९८३ सालचा. त्यात विभागाचा आरंभ व लांबी ३२ बिटांच्या आकड्यात लिहिली जाते. ५१२ बाइटचा एक सेक्टर धरल्यास हा तक्ता दोन टेराबाइटच्या थोड्या पुढेच थांबतो. त्याहून मोठ्या डिस्कसाठी जीपीटी नावाचा नवा तक्ता वापरावा लागतो. परंतु तक्ता कोणताही असो, पार्टिशनमध्ये एक मूलभूत उणीव आहे : त्याची जागा डिस्कवर सलग असावी लागते. पहिला विभाग भरला, त्याला लागूनच दुसरा विभाग आहे आणि तो अर्धा रिकामा आहे, तरी पहिल्याला त्याचा काही उपयोग नाही. एका घरात दोन चुली मांडल्यावर एकीकडची भाकरी दुसरीकडे जात नाही, तशातलीच ही गत.

ही अडचण दूर करण्याचा मार्ग म्हणजे डिस्क आणि फाइल सिस्टीम यांच्यामध्ये आणखी एक थर घालणे. आयबीएमच्या एआयएक्स या युनिक्समध्ये १९९० साली असा थर होता. लिनक्ससाठी तो १९९८ साली हाइन्झ माउल्सहागेन यांनी लिहिला. त्यांच्यापुढे एचपी-युएक्स या प्रणालीतील व्यवस्थेचा आदर्श होता. २००१ साली आलेल्या लिनक्सच्या २.४ या आवृत्तीत तो समाविष्ट झाला आणि २००३ अखेरच्या २.६ या आवृत्तीपासून त्याची सुधारलेली दुसरी पिढी रूढ झाली. यालाच लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर, संक्षेपाने एलव्हीएम, असे म्हणतात.

एलव्हीएमची कल्पना सोपी आहे. प्रत्येक डिस्क किंवा पार्टिशन हे फिजिकल व्हॉल्यूम म्हणून नोंदविले जाते आणि त्याचे समान आकाराचे तुकडे पाडले जातात. या तुकड्यांना एक्स्टेंट म्हणतात. सामान्यतः एक एक्स्टेंट चार मेगाबाइटचा असतो. अनेक फिजिकल व्हॉल्यूमचे एक्स्टेंट एका व्हॉल्यूम ग्रुपमध्ये एकत्र येतात, आणि या सामाईक साठ्यातून लागतील तितके तुकडे घेऊन लॉजिकल व्हॉल्यूम बनविले जाते. फाइल सिस्टीमला हे लॉजिकल व्हॉल्यूम एक अखंड डिस्क वाटते. वस्तुतः तिचे काही तुकडे एका डिस्कवर, काही दुसऱ्या डिस्कवर, कोठेही असू शकतात. कोणता तुकडा कोठे आहे याचा नकाशा एलव्हीएम ठेवते. तो प्रत्येक फिजिकल व्हॉल्यूमच्या आरंभी लिहिलेला असतो आणि त्याची वाचता येण्याजोगी प्रत ‘ईटीसी’ डिरेक्टरीतही साठविली जाते. ही प्रत नकाशाची आहे, मुलखाची नव्हे. चुकून मोडलेला ग्रुप तिच्या साहाय्याने पुन्हा उभा करता येतो, पण पुसला गेलेला मजकूर तिच्यातून परत मिळत नाही.

विस्ताराचा क्रम

ग्रंथालयाने चार टेराबाइटची नवी डिस्क आणली. विक्रेता टेराबाइट म्हणतो तेव्हा त्याच्या मनात एकावर बारा शून्ये असतात. संगणकाची पुष्कळशी साधने मात्र १,०२४ च्या पटीत मोजतात. म्हणून ही डिस्क त्यांना ३.६४ टेराबाइटचीच दिसते. यात कोणी फसविलेले नसते, तथापि हिशेब करताना दोन मापांची सरमिसळ होऊ देऊ नये.

डिस्क बसविल्यावर ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा सर्व डिस्कांची यादी दाखविते. पहिली डिस्क एसडीए, दुसरी एसडीबी, अशी नावे तेथे दिसतात. ही नावे कायमची नसतात. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर त्यांची अदलाबदल होऊ शकते. म्हणून नावावर विसंबून न राहता डिस्कचा आकार आणि तिच्यावर छापलेला अनुक्रमांक पडताळून पाहावा. या संपूर्ण कामातील सर्वांत महाग चूक याच ठिकाणी होते : नवी डिस्क समजून जुन्या, भरलेल्या डिस्कवर पुढील आज्ञा दिली जाते. एलव्हीएमची साधने तेथे आधीची खूण आढळल्यास खात्री विचारतात, हे खरे. पण सवयीने ‘होय’ म्हणणाऱ्यापुढे ती साधने तरी काय करणार?

डिस्क चार टेराबाइटची असल्याने तिच्यावर जीपीटी तक्ता घालून एक पार्टिशन करावे. पार्टिशन न करता अख्खी डिस्क एलव्हीएमला देता येते आणि तसे करणारे जाणकारही आहेत. तथापि पार्टिशन असणे अधिक बरे. पार्टिशन नसलेली डिस्क दुसऱ्या एखाद्या व्यवस्थापकाला किंवा दुसऱ्या प्रणालीला रिकामी वाटण्याचा संभव असतो. त्यानंतर ‘पीव्हीक्रिएट’ या आज्ञेने ते पार्टिशन फिजिकल व्हॉल्यूम म्हणून नोंदविले जाते, आणि ‘व्हीजीएक्स्टेंड’ने ते जुन्या व्हॉल्यूम ग्रुपमध्ये सामील होते. या क्षणी ग्रुपच्या साठ्यात सुमारे ९ लक्ष ५३ हजार एक्स्टेंटांची भर पडलेली असते. छायाचित्रे साठविणाऱ्या कर्मचाऱ्याला मात्र अजूनही ‘जागा शिल्लक नाही’ असेच दिसते, कारण वरचे दोन थर अद्याप जुन्याच हद्दीत आहेत.

यानंतर ‘एलव्हीएक्स्टेंड’ने लॉजिकल व्हॉल्यूम वाढवावयाचे. ते किती, हा येथे विचार करण्याजोगा प्रश्न होय. सगळी जागा एकदम देऊन टाकण्याचा मोह होतो. पण तो आवरावा. लॉजिकल व्हॉल्यूमला जागा देणे हे मिनिटभराचे काम असते, दिलेली जागा परत घेणे हे अवघड आणि क्वचित अशक्यही असते. ग्रंथालयाने सध्या एक टेराबाइट द्यावा आणि उरलेले ग्रुपच्या साठ्यात राहू द्यावे. उबुंटूच्या सर्व्हर-आवृत्तीत एलव्हीएमसह प्रतिष्ठापना केल्यास शंभर गिगाबाइटच्या डिस्कपैकी निम्मीच जागा मूळ व्हॉल्यूमला मिळते ती याच विचाराने. अनेकांना तो दोष वाटतो. वस्तुतः ती पुढल्या प्रसंगासाठी ठेवलेली शिल्लक होय. शंभराची डिस्क पन्नासावर कशी भरली या कोड्यात पडलेल्याने प्रथम ‘व्हीजीएस’ ही आज्ञा देऊन ग्रुपमधील मोकळी जागा पाहावी; नवी खरेदी कदाचित टळेल.

शेवटचा थर फाइल सिस्टीमचा. ईएक्सटी-फोर असल्यास ‘रिसाइझ-टू-एफएस’, एक्सएफएस असल्यास ‘एक्सएफएस-ग्रोएफएस’ ही आज्ञा द्यावी लागते. दोन्ही आज्ञा फाइल सिस्टीम वापरात असताना चालतात; किंबहुना एक्सएफएसचा विस्तार ती माउंट केलेली असतानाच होतो. वाचक छायाचित्रे पाहत असतात, कर्मचारी नवे पान टिपत असतो, आणि पायाखालची जमीन वाढत असते. एलव्हीएक्स्टेंडला ‘आर’ हे अक्षर जोडले तर वरचे दोन्ही टप्पे ती योग्य क्रमाने एकदमच पार पाडते. दोन वेगळ्या आज्ञांपेक्षा ही रीत पत्करावी, कारण मधला टप्पा विसरण्याची शक्यताच तीत उरत नाही.

पुष्कळ सर्व्हर हल्ली प्रत्यक्ष यंत्र नसतात, मोठ्या यंत्रावरील आभासी यंत्रे असतात. तेथे नवी डिस्क न जोडता जुनीच मोठी करून मिळते. अशा वेळी पार्टिशनचा थरही वाढवावा लागतो, आणि येथे एक बारकावा आहे. जीपीटी तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते. डिस्क मोठी झाली की तो शेवट मध्येच पडतो आणि ती प्रत नव्या टोकाला न्यावी लागते. पार्टिशन वाढविणे म्हणजे तक्त्यातील त्याचा शेवटचा सेक्टर बदलणे, एवढेच. आरंभीचा सेक्टर मात्र होता तोच राहिला पाहिजे. तो एका आकड्याने जरी सरकला तरी वरच्या प्रत्येक थराला आपली सुरुवात सापडेनाशी होते. ‘ग्रोपार्ट’ हे साधन आरंभाला हात न लावता फक्त शेवट पुढे नेते, म्हणून हाताने तक्ता लिहिण्यापेक्षा ते बरे. पुढे ‘पीव्हीरिसाइझ’ ही आज्ञा दिली की उरलेला मार्ग पूर्वीसारखाच.

वाढताना आत काय घडते?

ईएक्सटी-फोर आपली जागा १२८ मेगाबाइटच्या गटांत विभागते. प्रत्येक गटात कोणते ब्लॉक मोकळे आहेत याचा नकाशा आणि आयनोडांचा तक्ता असतो. चार टेराबाइटमध्ये असे जवळजवळ तीस हजार गट होतात. विस्तार म्हणजे शेवटी नवे गट जोडणे. या नव्या गटांची वर्णने लिहिण्यास आरंभीच्या भागात जागा लागते. ती मूळ फाइल सिस्टीम तयार करतानाच राखून ठेवलेली असते आणि आपल्या जन्माच्या आकाराच्या सुमारे हजारपट वाढीला पुरते. प्रत्येक गटाबरोबर त्याचे ८,१९२ आयनोडही येतात. म्हणूनच आयनोड संपलेल्या ईएक्सटी-फोरला जागा वाढविणे हाही एक उपाय ठरतो.

वाढीच्या काही मर्यादा मात्र जन्मतःच ठरलेल्या असतात. लिनक्सच्या पहिल्या दिवसांत मिनिक्सची फाइल सिस्टीम वापरली जाई. तिचे ब्लॉक एक किलोबाइटचे आणि त्यांचे क्रमांक १६ बिटांचे असल्याने ती ६४ मेगाबाइटपुढे जाऊच शकत नसे. १९९२ साली लिनक्सची स्वतःची फाइल सिस्टीम लिहिली गेली त्याचे हे एक मोठे कारण. तोच प्रकार मोठ्या प्रमाणावर पुन्हा घडला. ३२ बिटांचे ब्लॉक-क्रमांक घेऊन जन्मलेली ईएक्सटी-फोर १६ टेराबाइटपाशी थबकते. तिला पुढे न्यावयाचे तर प्रथम माउंट काढून, ६४ बिटांच्या क्रमांकांत तिचे रूपांतर करावे लागते. ग्रंथालयाचा संग्रह त्या मर्यादेजवळ जाण्यास पंधराशेहून अधिक बाडे लागतील. मोठ्या अभिलेखागारास ती फार दूर नाही.

एक्सएफएसची गोष्ट वेगळी. सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीने ती १९९३ साली रचावयास घेतली आणि १९९४ साली आपल्या यंत्रांबरोबर दिली. प्रारंभापासूनच तिचा रोख प्रचंड आकारांकडे होता. ती आपली जागा थोड्या आणि मोठ्या गटांत विभागते. लहान डिस्कवर हे गट सामान्यतः चार असतात. गटाचा आकार मात्र पुढे कधी बदलत नाही. दहा गिगाबाइटवर जन्मलेली एक्सएफएस अडीच-अडीच गिगाबाइटचे चार गट घेऊन येते. तीच चार टेराबाइटपर्यंत ताणली तर गटांची संख्या दीड हजाराच्या घरात जाते आणि तिचे काम मंदावते. आभासी यंत्रांच्या तयार साच्यांतून उभारलेल्या सर्व्हरांवर हे आढळून येते. इतक्या मोठ्या वाढीची अपेक्षा असेल तेव्हा जुनी फाइल सिस्टीम ताणीत बसण्यापेक्षा मोठ्या व्हॉल्यूमवर नवी तयार करून मजकूर तिच्यात उतरवून घेणे शहाणपणाचे होय.

वाढीची किंमत

दोन डिस्क एका ग्रुपमध्ये आल्या आणि एक लॉजिकल व्हॉल्यूम दोन्हींवर पसरले, की त्यांचे भवितव्य एकमेकांशी बांधले जाते. एक डिस्क निकामी झाली तर सहसा संपूर्ण फाइल सिस्टीमच वापरण्याजोगी राहत नाही. एखादी डिस्क वर्षभर धडधाकट राहण्याची शक्यता शंभरात ९८ आहे असे घटकाभर गृहीत धरले, तर दोन्ही राहण्याची शक्यता ९६ वर येते आणि दहा डिस्क असल्यास सुमारे ८२ वर. साठवण वाढते तसा धोकाही वाढतो, आणि याची जाणीव विस्तार करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना असते. यावर उपाय म्हणजे डिस्क जोडीने घेणे व प्रत्येक ब्लॉक दोन्हींवर लिहिणे. खर्च दुप्पट होतो. तरीही अशी जोडी म्हणजे प्रत नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कांवरून सारख्याच तत्परतेने नाहीशी होते.

जागा नसताना ती असल्याचे भासविण्याचीही एक सोय एलव्हीएममध्ये आहे. तिला थिन व्हॉल्यूम म्हणतात. प्रत्यक्षात दोन टेराबाइट असताना पाच विभागांना एकेक टेराबाइटचे आश्वासन देता येते, कारण सर्वजण आपला वाटा एकाच वेळी वापरीत नाहीत. जोवर साठ्यावर कोणाचे तरी सतत लक्ष आहे तोवर हे ठीक. साठा संपला की मात्र आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? आपल्याकडे पुष्कळ जागा आहे असे फाइल सिस्टीमला वाटत असते आणि तिचे लेखन मध्येच फसू लागते. लहान संस्थेने या वाटेस न जाणेच हितावह.

उलट दिशा

विस्तार खालून वर करावयाचा असतो : डिस्क, पार्टिशन, फिजिकल व्हॉल्यूम, ग्रुप, लॉजिकल व्हॉल्यूम आणि शेवटी फाइल सिस्टीम. आकुंचन वरून खाली. आधी फाइल सिस्टीमने आपला मजकूर अलीकडे घेऊन हद्द मागे आणली पाहिजे, मगच लॉजिकल व्हॉल्यूम लहान करावे. हा क्रम उलटला, तर फाइल सिस्टीमच्या शेवटच्या भागाखालचे एक्स्टेंट काढून घेतले जातात आणि तेथील फाइली आधाराशिवाय राहतात. ईएक्सटी-फोरचे आकुंचन शक्य आहे, पण तिचे माउंट काढून व तिची पूर्ण तपासणी करूनच. एक्सएफएसबाबत व्यवहारात ते शक्य नाही असेच धरून चालावे. मजकूर दुसरीकडे उतरवून, नवी लहान फाइल सिस्टीम करून, तो परत आणणे हा एकच मार्ग उरतो. ग्रुपमध्ये शिल्लक ठेवावी असे वर म्हटले त्याचे कारण येथे आहे.

जुनी डिस्क काढून टाकावयाची असेल तर मात्र आकुंचनाची गरज पडत नाही. ग्रुपमध्ये इतरत्र पुरेशी जागा असल्यास ‘पीव्हीमूव्ह’ ही आज्ञा जुन्या डिस्कवरील एक्स्टेंट एकेक करून नव्या डिस्कवर नेते. लॉजिकल व्हॉल्यूम त्या वेळीही वापरात असते. वीज गेली तर काम थांबते आणि पुन्हा सुरू केल्यावर जेथे राहिले तेथून पुढे चालू होते. पाचशे गिगाबाइटला काही तास लागतात. ते पूर्ण झाल्यावर ‘व्हीजीरिड्यूस’ने डिस्क ग्रुपबाहेर काढावी आणि ‘पीव्हीरिमूव्ह’ने तिची नोंद पुसावी. फाइल सिस्टीमला यातले काहीच कळत नाही. माउंटची यादी ज्या ‘एफएसटॅब’ फाइलीत असते तीही बदलावी लागत नाही, कारण लॉजिकल व्हॉल्यूमचे नाव तेच राहते. सर्व्हर ज्या पार्टिशनवरून सुरू होतो ते मात्र बहुधा एलव्हीएमबाहेर असते आणि पीव्हीमूव्ह त्याला स्पर्श करीत नाही. ते जुन्याच डिस्कवर असेल तर आधी त्याची सोय नव्या डिस्कवर करावी आणि सर्व्हर तेथून सुरू होतो हे प्रत्यक्ष पाहावे. त्यानंतर यंत्र बंद करून, अनुक्रमांक वाचून, जुनी डिस्क तिच्या खणातून बाहेर काढावी. ग्रुपबाहेर काढलेल्या त्या डिस्कवर संग्रहाचे अवशेष असले तरी ती संग्रहाची प्रत नव्हे. तिच्यावर तसे लिहून ठेवावे.